सहा पूर्णांक तीनचा हट्ट: ट्यूब अ‍ॅम्पच्या हीटरबद्दलचे गैरसमज

गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये दोन वेगळ्या वीजपुरवठ्यांचं काम चालतं. प्लेटला जाणारा पुरवठा चारशे-साडेचारशे व्होल्ट डीसीचा असतो. हीटरचा मात्र अवघा ६.३ व्होल्ट एसीचा. हीटर म्हणजे ट्यूबच्या पोटातली टंगस्टनची तार. ती तापली की तिच्याभोवतीच्या कॅथोडवरचा बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा लेप तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडू लागतो. हीटरच्या व्होल्टेजचं काम एवढंच: कॅथोड योग्य तापमानाला ठेवणं. हे विसरलं की पुढचे गैरसमज सुरू होतात.

गैरसमज: मीटरवर बरोबर ६.३ च दिसलं पाहिजे.

वस्तुस्थिती: हा आकडा मोटारीच्या बॅटरीतून आला. १९३०च्या दशकात गाड्यांत तीन सेलची बॅटरी असे. प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा, म्हणून एकूण ६.३. बॅटरीचं व्होल्टेज सतत वरखाली होणार हे गृहीतच होतं. त्यामुळे या ट्यूबना साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९ व्होल्ट. ट्यूब दीर्घकाळ टिकावी असं वाटत असेल तर पाच टक्क्यांची मर्यादा पाळावी: ६.० ते ६.६. मीटर ६.५ दाखवत असेल तर अ‍ॅम्प दुरुस्त करण्याचं काहीच कारण नाही.

मोजतानाही चुका होतात. ट्यूब काढून मोजलं तर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर भार नसतो आणि आकडा फुगलेला दिसतो. सगळ्या ट्यूब जागेवर आणि गरम असताना, थेट ट्यूबच्या सॉकेटच्या पिनांवर मोजायचं. स्वस्त मीटरची एसीची सर्वांत लहान रेंज बऱ्याचदा २०० व्होल्टची असते. तिच्यावर सहा व्होल्ट मोजताना अर्धा-एक व्होल्टची चूक सहज होते. मग दुरुस्ती अ‍ॅम्पची होते आणि दोष मीटरचा असतो.

गैरसमज: व्होल्टेज जास्त येतंय, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बिघडला.

वस्तुस्थिती: आधी भिंतीतल्या सॉकेटचं व्होल्टेज बघा. १९६०च्या दशकातल्या फेंडर अ‍ॅम्पवर ११७ व्होल्ट छापलेलं असे. आज अमेरिकेत १२० हा अधिकृत आकडा आहे आणि प्रत्यक्षात १२४ मिळणंही नवलाचं नाही. त्याच प्रमाणात हीटरचे ६.३ वाढून सुमारे ६.७ होतात. ट्रान्सफॉर्मर आपलं काम चोख करत असतो.

अमेरिकेतून अ‍ॅम्प आणून पुण्या-मुंबईत वाजवणाऱ्यांची अडचण उलटी असू शकते. २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टच्या अ‍ॅम्पला लावला, तर हीटरला ५.८ च्या आसपासच मिळतात.

गैरसमज: हीटर थोडा थंड ठेवला की ट्यूब जास्त चालते.

वस्तुस्थिती: जास्त तापवणं वाईट हे खरं. लेपातलं बेरियम उडून ग्रिडवर बसतं, मग ग्रिडच इलेक्ट्रॉन सोडू लागते आणि पॉवर ट्यूबचा बायस (ग्रिडवरचं ठरावीक व्होल्टेज) ढळतो. पण कमी तापवणंही फुकट पडत नाही. कॅथोड पुरेसे इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही, आणि पॉवर ट्यूब तर जोरात वाजवताना भरपूर करंट मागते. त्या ओढाताणीत लेप खराब होतो.

गैरसमज: व्हॅरिअ‍ॅकने (व्होल्टेज बदलता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज उतरवलं की गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा आवाज मिळतो.

वस्तुस्थिती: त्याने आपला मार्शल अ‍ॅम्प व्हॅरिअ‍ॅकवर सुमारे ९० व्होल्टला वाजवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. व्हॅरिअ‍ॅक मात्र निवड करत नाही. प्लेट, बायस, हीटर सगळंच एका प्रमाणात खाली येतं. १२० चे ९० केले की हीटरला ४.७ व्होल्ट उरतात. आवाजातला फरक मुख्यतः प्लेटचं व्होल्टेज उतरल्यामुळे येतो. थंड हीटर हा त्याच्याबरोबर आलेला तोटा. तोच परिणाम हवा असेल तर हीटरला हात न लावता फक्त उच्च दाब कमी करणारी सर्किटं असतात.

गैरसमज: एक रेझिस्टर टाकला की काम झालं.

वस्तुस्थिती: रेझिस्टर चालतो, पण हिशेबाने. फेंडरच्या डीलक्स रिव्हर्ब अ‍ॅम्पचं उदाहरण घेऊ. दोन ६व्ही६ ट्यूब ०.९ अँपिअर घेतात, सहा छोट्या ट्यूब १.८ आणि दिवा ०.१५, एकूण २.८५. हीटरला ६.८ व्होल्ट येत असतील, तर दोन्ही तारांत ०.१ ओहमचा एकेक रेझिस्टर घातल्यावर सुमारे ०.५७ व्होल्ट गळतात आणि ६.२३ उरतात. प्रत्येक रेझिस्टरमध्ये ०.८ वॉट उष्णता होते, म्हणून पाच वॉटचा घ्यावा. दोन्ही तारांत सारखाच हवा. एकाच बाजूला घातला तर समतोल जाऊन स्पीकरमधला गुणगुणाट (हम) वाढू शकतो.

पण मूळ कारण भिंतीतलं जादा व्होल्टेज असेल, तर प्लेटचा आणि रेक्टिफायरचा पुरवठाही चढलेला असतो. त्यांना या रेझिस्टरचा उपयोग शून्य. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला येणारं व्होल्टेजच दहा-बारा व्होल्टने उतरवणारा बकिंग ट्रान्सफॉर्मर लावणं शहाणपणाचं.

गैरसमज: हीटर ‘उचलणं’ म्हणजे त्याचं व्होल्टेज वाढवणं.

वस्तुस्थिती: हम कमी करण्यासाठी हीटरची संपूर्ण लाइन जमिनीच्या तुलनेत तीस-चाळीस व्होल्ट डीसीवर बसवतात. तारेच्या दोन टोकांमधले ६.३ व्होल्ट तसेच राहतात, त्यामुळे तापमानात काही फरक पडत नाही.

गैरसमज: ट्यूबचा उजेड पाहून व्होल्टेज कळतं.

वस्तुस्थिती: नाही. तार किती उघडी दिसते हे बनावटीवर ठरतं. चालू करताना क्षणभर लख्ख चमकणाऱ्या ट्यूबही ठणठणीत असतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी मीटर तपासा, मग भिंतीतलं व्होल्टेज, मग ट्यूबच्या सॉकेटच्या पिना. आकडा ६.० ते ६.६ मध्ये असेल तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. बाहेर असेल आणि अ‍ॅम्प दुरुस्त करावाच लागला, तर प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो हे लक्षात ठेवा. तो सुरक्षितपणे उतरवण्याची सवय नसेल, तर हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडेच द्यावं.