खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया कशी होते? आणि त्या छोट्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये का हवा?

मोबाईलचा एखादा पार्ट बिघडला की आपण आधी दोन गोष्टी विचारतो: पार्ट कोणत्या कंपनीचा आणि वॉरंटी किती? पण आपल्याच घरात कुणाच्या शरीरात पार्ट बसवला जातो, तेव्हा हे प्रश्न विचारायचं कुणाच्या लक्षात येत नाही. आज आपण खुब्याच्या सांध्याबद्दल बोलणार आहोत. "हा तर म्हाताऱ्यांचा विषय" असं वाटत असेल तर थोडं थांबा. आपल्या वर्धा जिल्ह्यात आणि एकूणच विदर्भात हा विषय वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांचाही आहे. का, ते पुढे कळेलच.

खुबा म्हणजे नेमकं काय?

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. कंबरेच्या हाडात त्याच्यासाठी एक खोलगट वाटी असते. चेंडू त्या वाटीत फिरतो म्हणून आपण चालतो, उकिडवं बसतो, मांडी घालतो, गाडीवर पाय टाकून बसतो. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. हा थर गेला की हाडावर हाड घासतं. मग दुखणं, लंगडणं आणि सांधा आखडणं सुरू होतं.

एक गंमत लक्षात ठेवा. खुबा बिघडला की दुखतं ते बहुतेक वेळा जांघेत, आणि कधी कधी तर थेट गुडघ्यात. त्यामुळे अनेक जण महिनोनमहिने गुडघ्यालाच मलम चोळत बसतात. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला, तरी दुखणं थांबत नसेल आणि मांडी घालायला त्रास होत असेल, तर डॉक्टरांना खुबा तपासायला सांगा.

तरुण वयात खुबा का खराब होतो?

वयानुसार होणारी झीज, जुनं फ्रॅक्चर, संधिवात ही कारणं तर आहेतच. पण तरुणांमध्ये मोठं कारण म्हणजे एव्हीएन, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. सोप्या भाषेत सांगायचं तर त्या गोल चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडतो, आतलं हाड मरतं आणि हळूहळू चेंडू खचतो. पिंगपाँगचा बॉल दाबला की चपटा होतो ना, तसंच.

रक्तपुरवठा बंद पडण्याची मुख्य कारणं अशी:

- सिकलसेल: विदर्भातल्या अनेक समाजांत हा आजार आढळतो. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. खुब्याच्या चेंडूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या आधीच बारीक, त्यामुळे फटका तिथे लवकर बसतो.
- स्टेरॉईड: काही आजारांत डॉक्टर ती विचार करूनच देतात. धोका आहे तो मनाने घेतलेल्या गोळ्यांचा आणि 'सांधेदुखीवर तीन दिवसांत गुण' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांचा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं.
- जास्त दारू आणि खुब्याजवळचा मोठा मार.

सुरुवातीच्या काळात एव्हीएन साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. बऱ्याचदा तो दोन्ही बाजूंना असतो, म्हणून तपासणीही दोन्ही खुब्यांची करतात. चेंडू खचण्याआधी कळलं तर काही रुग्णांमध्ये हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते, आणि मूळ सांधा वाचण्याची शक्यता राहते. एकदा चेंडू चपटा झाला आणि सांधा घासला, की मग सांधा बदलणं हाच खात्रीचा मार्ग उरतो.

म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल आणि जांघेत दुखायला लागलं, तर "कापूस वेचणी झाली की बघू" असं म्हणू नका. इथे दोन-चार महिन्यांनी खरंच फरक पडतो.

आत नेमकं काय बसवतात?

खराब झालेला चेंडू कापून काढतात, वाटी घासून साफ करतात आणि चार भाग बसवतात:

१. कप: कंबरेच्या हाडात बसणारी धातूची वाटी.
२. लायनर: कपाच्या आतलं अस्तर, बहुतेक वेळा खास प्लास्टिकचं.
३. हेड: नवा चेंडू, धातूचा किंवा सिरॅमिकचा.
४. स्टेम: मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा.

हे भाग हाडाला धरून कसे राहतात? दोन पद्धती आहेत. एकीत हाडासाठीचं खास सिमेंट वापरतात. दुसरीत धातूचा पृष्ठभाग खरखरीत, सच्छिद्र ठेवतात, म्हणजे आपलंच हाड त्यात वाढून घट्ट पकडतं. तरुण रुग्णांमध्ये सहसा ही दुसरी पद्धत वापरतात.

खरी भानगड प्लास्टिकची

आजच्या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलच्या डॉ. जॉन चार्नली यांनी घातला. त्यांनी आधी लायनरसाठी टेफ्लॉन वापरलं. तेच, नॉनस्टिक तव्यावर असतं ते. घसरायला एकदम भारी, पण काही वर्षांतच ते झिजलं आणि रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मग १९६२ मध्ये त्यांनी पॉलिइथिलिन नावाचं दणकट प्लास्टिक वापरायला सुरुवात केली, आणि ते टिकलं.

तरी एक अडचण राहिलीच. चालताना प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीर त्यांना शत्रू समजतं आणि त्या भांडणात आजूबाजूचं हाडच विरघळतं. मग घट्ट बसलेला दांडा सैल होतो. यावर उपाय म्हणून प्लास्टिकवर किरणांचा मारा करून त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात. त्यामुळे झीज खूपच कमी होते. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून असे लायनर वापरात आले आणि आज तेच सर्रास बसवतात.

मग टिकतो किती? २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार साधारण ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतात. सत्तरीच्या आजोबांसाठी हे पुरेसं आहे. पण पंचविशीतल्या मुलाला आयुष्यात पुन्हा एकदा शस्त्रक्रिया लागू शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: आत कोणता पार्ट आहे?

स्टिकरची गोष्ट: महाराष्ट्राने शिकलेला धडा

प्लास्टिक झिजतं, मग धातूवर धातूच फिरवू, असा विचार काही कंपन्यांनी केला. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर हा त्यातलाच एक खुबा. पण धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागलं, आजूबाजूचे स्नायू खराब होऊ लागले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा खुबा परत मागवला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पोलिसांत तक्रार केली. पुढे केंद्र सरकारच्या समितीने बाधितांना किमान २० लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली.

पण २०१८ मध्ये जे समोर आलं ते जास्त धक्कादायक होतं. ३,६०० हून जास्त रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता! मोबाईलची बॅटरी खराब निघाली तर आयएमईआय नंबरवरून कंपनी तुम्हाला शोधू शकते. इथे माणसांच्या शरीरात पार्ट होते आणि ती माणसं कोण, हेच सापडत नव्हतं.

प्रत्येक पार्टच्या खोक्यात छोटे स्टिकर असतात. त्यावर कंपनीचं नाव, साईझ आणि लॉट नंबर किंवा सिरियल नंबर असतो. हे स्टिकर केस पेपरवर चिकटवतात. शेताचा सातबारा जपता ना, तसाच हा कागद जपायचा.

मोबाईलवाल्या पोरांनी करायच्या पाच गोष्टी

घरातल्या कुणाची ही शस्त्रक्रिया असेल, तर ही जबाबदारी तुमची.

१. स्टिकरचा फोटो काढा. डिस्चार्जच्या दिवशी चारही भागांचे स्टिकर मागा. नंबर वाचता येतील असा फोटो काढून क्लाउडवर ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा. मोबाईल हरवला तरी नंबर हरवता कामा नये.

२. एक्स-रेचा फक्त फोटो पाठवू नका. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जाऊन बारकावे जातात आणि हाडाचं खरं माप कळत नाही. कोणत्या साईझचा पार्ट लागेल हे डॉक्टर डिजिटल एक्स-रेवर मोजून ठरवतात. म्हणून मूळ फाईल किंवा सीडी मागून घ्या.

३. चालण्याचा व्हिडिओ काढा. समोरून आणि मागून, दहा-दहा पावलं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर. लंगडणं किती कमी झालं हे डॉक्टरांना लगेच दिसतं.

४. योजनेची चौकशी आधी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कव्हर आहे. आपल्या रुग्णाचा उपचार त्या हॉस्पिटलमध्ये योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. पैसे भरल्यावर नाही, आधी.

५. रील बघून निर्णय घेऊ नका. 'रोबोटिक' शब्द ऐकून भारावून जाऊ नका. रोबोट स्वतःहून ऑपरेशन करत नाही. सीटी स्कॅनवर आखलेल्या प्लॅनबाहेर हत्यार जाऊ नये म्हणून तो सर्जनच्या हाताला मदत करतो. रोबोट नसतानाही उत्तम शस्त्रक्रिया होतात. त्यापेक्षा "सर, तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?" हे नम्रपणे विचारा.

वर्ध्यातल्या रुग्णांनी कुठे दाखवायचं?

आपल्या जिल्ह्यात मेडिकल कॉलेजची ही दोन हॉस्पिटलं आहेत. सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल, जिथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली, आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे. आर्वी, आष्टी किंवा समुद्रपूरहून येणाऱ्यांनी जुने सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये घेऊन यावं, म्हणजे एक चक्कर वाचते.

सिकलसेलच्या रुग्णाने तर मोठं हॉस्पिटलच निवडावं. कारण ऑपरेशनच्या वेळी शरीरातलं पाणी, ऑक्सिजन किंवा उष्णता कमी झाली तर पेशी पुन्हा वाकू शकतात. रक्तपेढी आणि मेडिसिनचे डॉक्टर हाताशी लागतात. जंतुसंसर्गाचा धोकाही या रुग्णांत जास्त असतो. सिकलसेल आहे हे पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका.

ऑपरेशननंतर काय?

बहुतेक रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. घरी जाण्याआधी कमोडची सोय करून ठेवा. सुरुवातीचे आठवडे खाली बसणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून चप्पल उचलणं टाळायचं असतं, नाहीतर नवा चेंडू वाटीतून निसटू शकतो. खाट किंवा खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच हवी. गाडी चालवणं, किक मारणं, शेतातलं निंदण, हे सगळं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

पोटरी सुजली, अचानक दम लागला, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर उद्याची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आत खुबा बसवलाय हे सांगा. बहुतेक आधुनिक खुब्यांसोबत एमआरआय करता येतो, पण कोणता पार्ट आहे हे विचारतातच. तेव्हा तुमचा तो फोटो कामी येतो.

थोडक्यात

जांघेतलं दुखणं अंगावर काढू नका, सिकलसेल असेल तर अजिबातच नाही. आणि ज्यांचा खुबा आधीच बदललाय असे काका, आजी, मावशी घरात असतील, तर आजच त्यांची जुनी फाईल शोधा आणि स्टिकरचा फोटो काढून ठेवा. स्टिकर नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा. काम दहा मिनिटांचं आहे, पण वीस वर्षांनी त्यांच्या डॉक्टरला त्याचाच आधार लागेल.