हात दुसऱ्याचा, शब्द आपला

सोलापूरच्या सात रस्ता भागातील एका लहानशा खोलीत बसून मी गेली अनेक वर्षे इतरांसाठी लिहीत आलो आहे. पेढ्यांची पत्रे, दुकानाच्या सुवर्णमहोत्सवाचे मनोगत, जाहिरातींचा मजकूर, कामगारांच्या मेळाव्यातील मालकाचे भाषण, असे या लेखनाचे स्वरूप. लिहितो मी, खाली सही मालकाची. माझे नाव कोठेही येत नाही, आणि ते येऊ नये हीच या व्यवसायाची पहिली अट असते. एकदा घरातील लहान मुलीने सहज विचारले, "त्यांनी लिहिलेलं नाही, तरी त्यांचं नाव घालायचं, म्हणजे खोटंच नाही का?" त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. व्यापारी कुटुंबातील प्रत्येकाला केव्हा ना केव्हा हा प्रश्न पडणारच आहे, म्हणून त्याचा येथे थोडा विचार करावासा वाटतो.

दुसऱ्यासाठी लिहिणे ही काही आजची गोष्ट नव्हे. गुजरातेत मध्ययुगात सिद्ध झालेल्या ‘लेखपद्धति’ या संस्कृत संग्रहात राजाज्ञांपासून कर्जरोख्यांपर्यंत नाना प्रकारच्या लेखांचे नमुने आहेत. म्हणजे लिहून देणाऱ्यांचा वर्ग तेव्हाही होता. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयाचे राहून गेले होते. ऐन वेळी ते वाचून दाखविण्याची आज्ञा झाली, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण पत्र वाचून दाखविले. आख्यायिकेतील खरेखोटे बाजूला ठेवू. लेखकाला धन्याचे मन इतके कळले पाहिजे की कागद कोरा असला तरी मजकूर ठरलेला असावा, हे तिचे मर्म आहे.

आपल्या जुन्या मराठी दस्तऐवजांत याहून महत्त्वाची एक खूण सापडते. खत लिहून देणारा निरक्षर असला तर तो आपली निशाणी करी. शेतकऱ्याची निशाणी बहुधा नांगराची असे. आणि ज्याच्या हातून खत लिहिले गेले त्याचे नाव ‘बिकलम’ या शब्दासह येई. बिकलम म्हणजे अमुक याच्या लेखणीने. लेखणी एकाची आणि जबाबदारी दुसऱ्याची, ही विभागणी कागदावर उघड दिसे. आजच्या व्यापारी लेखनात बिकलम उरलेले नाही. लिहिणारा अदृश्य झाला, म्हणून सही करणाऱ्याची जबाबदारी कमी झाली असे मात्र नाही. उलट ती वाढली आहे.

हे मला एका फसलेल्या पत्राने शिकविले. टॉवेलचा व्यापार असलेल्या एका वडीलधाऱ्या शेठजींनी विजापूरकडील जुन्या ग्राहकाला पत्र लिहून मागितले. एका खेपेतील मालाचा रंग उतरला होता आणि क्षमा मागावयाची होती. मी आपली सारी विद्या पणाला लावून अत्यंत सफाईदार पत्र लिहिले. ‘सदर बाब आमच्या निदर्शनास आली असून तीबाबत आम्ही दिलगीर आहोत’ अशी त्यातील भाषा होती. दोन दिवसांनी ग्राहकाचा दूरध्वनी आला. "शेठजी, काही चुकलं का आमचं? वकिलाकडून पत्र लिहून घेतलंत!"

शेठजी मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, तुम्ही चांगलं लिहिलंत, पण ते मी नाही." मग मी त्यांना बोलते केले आणि नुसते ऐकत बसलो. गुजरातीची लकब, मध्येच एखादा कानडी शब्द, आणि प्रत्येक तिसऱ्या वाक्यात "माल आमचा, तर दोषही आमचा" हे पालुपद. तेच मी कागदावर उतरविले. केवळ विस्कळीतपणा काढला. वडिलांच्या वेळेपासूनच्या संबंधाचा उल्लेख त्यांनी केला होता, तो जसाच्या तसा ठेवला. आरंभी त्यांच्या नेहमीच्या रीतीने ‘जय जिनेंद्र’ लिहिले. दुसऱ्या पत्राला उत्तर आले ते नव्या मागणीसह.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. लिहिण्यापूर्वी ज्याचे पत्र आहे त्याला किमान अर्धा तास बोलू द्यायचे. तो आकडे कसे सांगतो, नकार कसा देतो, कोणत्या शब्दावर थांबतो, हे टिपायचे. मसुदा झाला की त्याला तो मोठ्याने वाचावयास सांगायचे. जेथे जीभ अडखळते तेथील शब्द माझा असतो, त्याचा नसतो. तो काढून टाकायचा.

पण आवाज जुळला म्हणजे सत्यही जुळले असे नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील ‘कूटलेखक्रिया’ थेट आमच्या धंद्याशी संबंधित आहे. आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त केलेल्या विवेचनाचा आशय असा की, दुसऱ्याने जे म्हटले नाही वा केले नाही, ते त्याने म्हटले वा केले असे फसवणुकीच्या हेतूने लिहिणे म्हणजे कूटलेख. येथे दोष लेखणी उसनी घेण्याचा नाही. न घडलेले घडले म्हणून लिहिण्याचा आणि त्यामागील कपटाचा आहे. त्याच यादीत ‘रहोभ्याख्यान’ आणि ‘साकारमंत्रभेद’ हेही आहेत. दुसऱ्याचे गुपित उघड करणे हाही सत्यव्रताला लागलेला डागच. म्हणजे लेखकाने खोटे लिहू नये आणि पेढीचे अंतरंग बाहेरही सांगू नये, अशी दुहेरी मर्यादा झाली.

या मर्यादेची कसोटी अलीकडे वारंवार लागते. एका तरुण व्यापाऱ्याने मागणी केली, "ग्राहकांच्या नावानं वीस अभिप्राय लिहून द्या, सगळेच तसं करतात." मी नकार दिला, ते काम आणि पुढील कामेही गेली. मालकाच्या नावाने त्याचेच म्हणणे लिहिणे वेगळे आणि अस्तित्वात नसलेल्या ग्राहकाच्या तोंडी समाधान घालणे वेगळे. पहिले बिकलम आहे, दुसरे कूटलेख. आता कायद्याचीही दृष्टी अशा गोष्टींकडे वळली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इंटरनेटवरील ग्राहक अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये स्वतंत्र मानकही तयार केले.

लिहिणाऱ्यालाही हिशेब चुकत नाही. अमेरिकेतील टोनी श्वार्ट्झ यांनी डोनाल्ड ट्रम्प या उद्योजकाच्या आवाजात ‘द आर्ट ऑफ द डील’ हे पुस्तक लिहिले. ते 1987 मध्ये निघाले आणि अफाट खपले. मुखपृष्ठावर दोघांचीही नावे होती. 2016 मध्ये श्वार्ट्झ यांनी, आपण रंगविलेल्या त्या प्रतिमेचा पश्चात्ताप होतो असे जाहीरपणे सांगितले. ट्रम्प यांनी मात्र पुस्तक आपणच लिहिल्याचा दावा केला. जवळजवळ तीस वर्षांनंतरही शब्दांचे ओझे लिहिणाऱ्याच्या मनावरून उतरले नव्हते.

तेव्हा पत्र लिहून घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. खातेवही मुनीम लिहितो, तरी पेढी मालकाचीच असते. मात्र सही करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हेच वाक्य मी गादीवर बसून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणू शकेन काय? उत्तर होकारार्थी असेल तर शब्द कोणाच्याही हातचे असोत, ते आपलेच आहेत.

घरातील त्या मुलीला मी आता हेच सांगतो. त्यावर तिने विचारले, "मग तुमचं काय उरतं?" मी म्हटले, "न बोललेलं सारं."