काल्मोंटचा एकच रूळ

संपादकांनी वाइनवर लेख मागितला, तेव्हा चव आणि सुगंधापेक्षा मला काल्मोंटच्या रुळाबद्दल लिहावंसं वाटलं.

जर्मनीत मोझेल नदी ब्रेम गावाशी मोठं वळण घेते. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, ब्रेम आणि एलर यांच्या मध्ये, काल्मोंट हा द्राक्षांचा कडा उभा आहे. काही ठिकाणी चढ ६५ अंशांचा असल्याचं सांगतात. युरोपातली सर्वांत उभी द्राक्षबाग म्हणून याचीच ख्याती. इथल्या रीसलिंग द्राक्षांच्या वाइनच्या बाटलीवर गावासोबत या उताराचंही नाव असतं : ब्रेमर काल्मोंट. मोझेलकाठी रोमन काळापासून द्राक्षं आहेत. समोरच्या काठावर श्टूबेन मठाचे भग्न अवशेष दिसतात. इतिहास एवढा पुरे.

इतक्या उत्तरेला, ५० अंश अक्षांशावर, रीसलिंग पिकवायचं तर ऊन वाया घालवून भागत नाही. दक्षिणेकडे तोंड केलेल्या या उतारावर तिरपं ऊनही सरळ पडतं. पायाखाली माती थोडी आणि पाटीच्या दगडाच्या कपच्याच जास्त. त्या दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. नाशिकसारखा मांडव इथे उभाच राहणार नाही. प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब, आणि काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या, म्हणजे माणसाला वेलीच्या चहूबाजूंनी वावरता येतं.

ट्रॅक्टर इथे उलटाच होईल. पूर्वी घड पाठीवरच्या टोपलीतून खाली यायचे आणि पावसानं वाहून गेलेली माती पाठीवरूनच पुन्हा वर जायची. आता मोनोरॅक आहे. जपानमधल्या डोंगरी संत्राबागांसाठी निघालेली ही गाडी. खुंटांवर बसवलेला एकच रूळ, त्याच्या खालच्या बाजूला दाते, त्यांत अडकणारं इंजिनाचं दातेरी चाक. चालक पुढे बसतो, मागच्या गाडीत क्रेट. चाक दात सोडत नाही, म्हणून गाडी घसरत नाही. इतकं साधं, इतकं भरवशाचं यंत्र मी क्वचितच पाहिलं असेल.

पण रूळ माणसाला वर पोचवतो, तेवढंच. छाटणी, बांधणी, विरळणी, तोडणी सगळं हातानंच. सपाट बागेत यंत्र जे काम उरकतं, त्याला इथे कितीतरी पट तास लागतात, आणि बाटलीची किंमत काही त्या पटीत वाढत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलं शहराकडे गेली आणि पट्टेच्या पट्टे ओसाड पडले. ओसाड पट्टा नुसता ओसाड राहत नाही, याची मला खरी काळजी वाटते. सोडून दिलेल्या वेलींवर भुरी आणि काळी कूज पोसली जाते आणि शेजाऱ्याच्या बागेत शिरते. चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध ढासळतात. काटेरी झुडपं उन्हाचे खडक झाकून टाकतात, आणि त्याच खडकांवर वाढणाऱ्या वनस्पतींवर मोझेलचं अपोलो फुलपाखरू जगतं. त्याची संख्या अलीकडे फार घटली आहे.

काही तरुणांनी झुडपं तोडून ओसाड पट्ट्यांवर पुन्हा रीसलिंग लावलं आहे. नव्या वेलीला पहिलं पीक यायला तीनेक वर्षं लागतात, पण ढासळलेला बांध तोवर थांबत नाही. तो आधी, दगडावर दगड ठेवत, हातानंच उभा करावा लागतो.