एक मत मोजायला किती पैसे लागतात?

'कागद स्वस्त, यंत्र महाग' हे वाक्य पारावर नि एसटीत नेहमी कानावर पडते. आज त्याचा हिशेबच मांडू.

मतपत्रिकांच्या काळात मी शिक्षक म्हणून मोजणीच्या टेबलावर बसलो आहे. पेट्या उघडायच्या, हिशेब जुळवायचा, वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळायच्या, मग उमेदवारनिहाय गठ्ठे. निवडणूक आयोगाच्या माहितीनुसार यास ३० ते ४० तास लागत; यंत्रावर ३ ते ५ तास पुरतात. वाढीव तासांचे भत्ते, जेवण, वीज, बंदोबस्त हा हातमोजणीचा खरा खर्च. शिवाय छपाई दर वेळी नवी.

यंत्राचा पैसा मात्र एकदम दिसतो. एम-३ यंत्राची किंमत सुमारे १७ हजार रुपये, आयुष्य १५ वर्षे. त्यात लोकसभा-विधानसभा मिळून ६ निवडणुका आणि केंद्रावर ६०० मते धरली, तर मतामागे पावणेपाच रुपये पडतात. व्हीव्हीपॅट आणि गोदामावरचा पहारा वेगळा.

मग चिठ्ठ्याही सगळ्या मोजाव्यात का? २६ एप्रिल २०२४ रोजी परभणीत मतदान सुरू होते, त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी फेटाळली. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. परभणी लोकसभेत जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी, परतूर, घनसावंगी अशी ६ क्षेत्रे, म्हणजे ३० केंद्रे. एका केंद्राला साधारण तासभर लागतो. मतदारसंघात दोन हजारांहून अधिक केंद्रे. प्रत्येक क्षेत्रात १४ प्रमाणे ८४ टेबले लावली, तरी सर्व चिठ्ठ्यांना किमान एक अख्खा दिवस-रात्र लागेल.

निकालपत्राने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रे तपासून घेण्याची मुभा दिली. २०२४ मध्ये आयोगाने त्यासाठी यंत्रसंचामागे ४७,२०० रुपये आकारले. फेरफार सिद्ध झाल्यास परतावा. म्हणजे शंकेलाही दर लागला! श्रीमंत उमेदवाराला तो परवडेल, साध्याला नाही.

माझ्या मते पैशांत यंत्र सरस आहे; पण हरलेल्यालाही निकाल पटणे, हा मोजणीचा खरा हेतू. त्यासाठी एक दिवस जादा गेला, तर तो वाया गेला म्हणू नये. तोवर मतदान करताना ७ सेकंद दिसणारी चिठ्ठी नीट वाचा. ती तपासणी तरी फुकट आहे.