नमतें घेणारें पातें

महाभारताच्या शांतिपर्वांत समुद्र नद्यांना विचारतो कीं, तुम्ही मोठमोठे वृक्ष वाहून आणतां, मग वेत कां आणीत नाहीं? गंगा सांगते कीं, पूर आला म्हणजे वृक्ष ताठ उभे राहतात. वेत वांकतो आणि पूर ओसरतांच पुन्हां उभा राहतो. स्पेन देशांतील एका यंत्रज्ञास हेंच तत्त्व आकाशांत उपयोगी पडलें, त्याची ही हकीकत.

विमान तरंगतें तें वेगाच्या जोरावर. वेग फार कमी झाला कीं पंखांखालचा हवेचा आधार तुटतो. इ. स. १९१९ मध्यें हुआन दे ला सिएर्व्हा या तरुणानें योजलेलें तीन एंजिनांचें विमान असेंच कोसळलें. वेग मंदावला तरी न पडणारें यंत्र कसें करावें, या ध्यासांतून ऑटोजायरो जन्मास आला.

हेलिकॉप्टरचा वरचा पंखा एंजिन फिरवितें; ऑटोजायरोचा उडतांना केवळ वाऱ्यानें फिरतो. नाकावरील पंखा यंत्रास पुढें ओढतो, आणि किंचित मागें कललेल्या वरच्या पात्यांतून वारा खालून वर जातांच तीं भिरभिऱ्यासारखीं फिरून यंत्रास तोलून धरतात. एंजिन थांबलें तरी खालीं येतांना लागणाऱ्या वाऱ्यानें तीं फिरतच राहतात.

परंतु पहिलीं तीन यंत्रें अयशस्वी झालीं. पुढें जाणाऱ्या पात्यास वारा अधिक लागे, मागें येणाऱ्यास कमी. त्यामुळें यंत्र एका बाजूस कलंडे. लहान प्रतिकृति मात्र सुरळीत उडे! असें कां व्हावें? मुलें चुकलेलें गणित पुसून टाकतात. सिएर्व्हानें तें बरोबर आलेल्या गणिताशेजारीं ठेवून पाहिलें. प्रतिकृतीचीं पातीं लवचिक होतीं, मोठ्या यंत्राचीं ताठ. त्यानें प्रत्येक पात्याच्या मुळाशीं बिजागरी बसविली. अधिक वारा लागलेलें पातें वर उचललें जाई आणि त्याचा जास्तीचा जोर ओसरे. दुसऱ्या बाजूचें खालीं येऊन आपली उणीव भरून काढी. तोल साधला.

जानेवारी १९२३ मध्यें माद्रिदजवळच्या गेताफे येथें चौथें यंत्र उडालें. थोड्याच दिवसांत हवेंत असतां त्याचें एंजिन बंद पडलें. तरी तें सावकाश खालीं उतरलें. सप्टेंबर १९२८ मध्यें सिएर्व्हानें एका प्रवाशासह ऑटोजायरोंतून इंग्लिश खाडी ओलांडली.

९ डिसेंबर १९३६ रोजीं लंडननजीक क्रॉयडन येथें दाट धुक्यांत एक प्रवासी विमान उड्डाण करतांच कोसळलें. मृतांमध्यें सिएर्व्हा होता; वय अवघें ४१. ज्यानें पडण्याचें भय जिंकण्यांत आयुष्य वेंचिलें, त्यास साध्या विमानांतच मरण यावें, हा दैवदुर्विलास होय.

ऑटोजायरो पुढें मागें पडला; पण पात्यांना हालूं देण्याची त्याची युक्ति हेलिकॉप्टरांनीं उचलली. आजही एंजिन बंद पडल्यास वाऱ्यावर पातीं फिरवीत उतरण्याचें शिक्षण हेलिकॉप्टरच्या वैमानिकांस देतात. गंगेनें वेताविषयीं सांगितलेलें खरें ठरलें.