खाजगी प्रवेशनिर्देशक

वस्तुकेंद्री संगणकीय भाषांत वर्गाच्या एखाद्या घटकाचा, म्हणजे त्यातील माहितीचा किंवा पद्धतीचा, वापर आज्ञावलीच्या कोणत्या भागातून करता येईल हे ठरविणाऱ्या शब्दास प्रवेशनिर्देशक म्हणतात. ‘प्रायव्हेट’ किंवा खाजगी हा त्यांतील सर्वांत कडक निर्देशक होय. सी++ व जावा या भाषांत खाजगी घटकाचे नाव त्याच वर्गाच्या मजकुरात वापरता येते. अन्यत्र वापरल्यास संकलक, म्हणजेच कंपायलर, ती आज्ञावली नाकारतो. सी++मध्ये वर्गाने ‘फ्रेंड’ म्हणून जाहीर केलेल्या भागांना मात्र ही मुभा असते.

‘दिनांक’ नावाचा एक वर्ग कल्पिल्यास निर्देशकाचे प्रयोजन ध्यानात येते. त्यात दिवस, महिना व वर्ष असे तीन अंक साठविलेले आहेत. ते सर्वांस खुले असतील, तर आज्ञावलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून ३० फेब्रुवारी ही तारीख लिहिली जाऊ शकते. ते खाजगी केल्यास बदल फक्त वर्गाच्या स्वतःच्या पद्धतींमार्फत होतो आणि त्या पद्धतींत तारखेची शहानिशा करता येते. तरीही चुकीची तारीख आढळलीच, तर दोष शोधण्यासाठी लाखभर ओळी चाळाव्या लागत नाहीत. वर्गाचा मजकूर तपासला की बहुधा काम भागते. दुसरा लाभ अधिक दूरगामी आहे. उद्या तीन अंकांऐवजी एका ठराविक दिवसापासून मोजलेली दिवसांची संख्या साठवावयाची ठरली, तर पद्धतींचे बाह्य रूप कायम ठेवून आतील रचना बदलता येते. वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक साठविणाऱ्या जुन्या, बहुतांशी कोबॉल भाषेतील आज्ञावल्यांना ही सोय नव्हती. साठवणीची ही रीत ठिकठिकाणी गृहीत धरलेली असल्याने इ. स. २००० पूर्वी असे प्रत्येक स्थळ हुडकून दुरुस्त करावे लागले. त्या कामाचा बराच भाग भारतीय कंपन्यांकडे आला होता.

बदलण्याचा संभव असलेला निर्णय एकाच विभागात दडवून ठेवावा, हे तत्त्व डेव्हिड पारनास यांनी १९७२ मधील आपल्या लेखात मांडले. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत वर्ग व वस्तू होत्या, परंतु घटक लपविण्याची तरतूद आरंभी नव्हती. ती मागाहून आली. सिम्युलापासून स्फूर्ती घेऊन ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जे काम सुरू केले, त्यातून सी++ भाषा निर्माण झाली. हे नाव तिला १९८३ मध्ये मिळाले.

या निर्देशकाविषयी काही गैरसमज रूढ आहेत. सी++ व जावा यांत खाजगीपणाची सीमा वर्गाभोवती असते, एकेका वस्तूभोवती नव्हे. दोन दिनांकांची तुलना करणारी पद्धती दुसऱ्या दिनांकाचे खाजगी अंक बिनदिक्कत वाचू शकते. याउलट स्मॉलटॉक भाषेत वस्तूची आतील माहिती त्याच वस्तूपुरती असते आणि पद्धती सर्वांस खुल्या असतात. दुसरे असे की, सी++मध्ये खाजगी घटक अदृश्य होत नाही, केवळ निषिद्ध ठरतो. एकाच नावाच्या दोन पद्धतींपैकी पूर्णांक घेणारी खाजगी व अपूर्णांक घेणारी खुली असेल आणि बाहेरून पूर्णांक दिला, तर संकलक प्रथम खाजगी पद्धती निवडतो व मग प्रवेश नाकारतो. खुल्या पद्धतीने काम भागले असते, याचा तो विचार करीत नाही. जावाचा संकलक मात्र निवडीच्या वेळी अशी पद्धती मुळातच वगळतो.

खाजगी म्हणजे गोपनीय, ही समजूत सर्वांत घातक होय. सी++मधील तपासणी संकलनाच्या वेळीच संपते. स्मृतीतील मूल्याभोवती कोणतेही कुंपण उरत नाही. ही तरतूद चुकीपासून बचाव करते, लबाडीपासून नव्हे, असे स्वतः स्ट्रॉस्ट्रप यांनीच स्पष्ट केले आहे. तेव्हा परवलीचा शब्द खाजगी घटकात ठेवला म्हणून तो सुरक्षित झाला, असे मानू नये. जावामध्ये आज्ञावली चालू असतानाही प्रवेश तपासला जातो. तथापि ‘रिफ्लेक्शन’ या सोयीने तो डावलता येतो. २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून विभागरचनेद्वारे या पळवाटेवर मर्यादा आल्या. पायथनमध्ये खरा निर्बंध नाहीच. तेथे नावाआधीची एक अधोरेखा हा केवळ संकेत असतो. दोन अधोरेखा दिल्यास नावात वर्गाचे नाव मिसळले जाते, इतकेच. जावास्क्रिप्टमध्ये ‘#’ या चिन्हाने सुरू होणारे खाजगी घटक २०२२ च्या प्रमाणकात समाविष्ट झाले. हा निर्बंध चालू आज्ञावलीतही पाळला जातो.

व्यवहारात या निर्देशकाचा उद्देश पुष्कळदा नकळत विफल केला जातो. प्रत्येक घटक खाजगी करावयाचा आणि लगेच तो वाचणारी व बदलणारी अशा दोन खुल्या पद्धती यंत्रवत् लिहावयाच्या, ही सवय पाठ्यपुस्तकांतूनही पसरली आहे. दिनांकाचा महिना कोणतीही तपासणी न करता बदलणारी पद्धती खुली असेल, तर ३० फेब्रुवारीला वाट पुन्हा मोकळीच राहते.