व्यसनमुक्तीची वाट – भाग ५ : जवळचा गट कसा शोधावा?

दारू थांबविणे आणि थांबलेली दारू पुन्हा सुरू होऊ न देणे ही दोन वेगळी कामे असून, पहिले मुख्यत्वे वैद्यकीय, तर दुसरे मुख्यत्वे सामाजिक आहे. मागील भागात पाहिलेला डीटॉक्सचा उपचार, म्हणजे शरीराला दारूविना राहण्याची सवय लावण्याचा काळ, थोड्या दिवसांत आटोपतो. त्यानंतर मात्र माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत आणि कामाच्या त्याच पाळीवर परततो. या टप्प्यावर स्वमदत गटाचा, म्हणजे एकाच व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी परस्परांसाठी चालविलेल्या मंडळाचा, आधार लागतो.

या आधाराची निकड आकडेवारीतून दिसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे साहाय्य मिळाले होते.

अशा गटांचा सर्वपरिचित नमुना म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, अर्थात एए. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही व्यसनाने खचलेले, एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहू शकले, त्यातून ही चळवळ उभी राहिली. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. शुल्क नसते आणि बाहेरची देणगीही स्वीकारली जात नाही. तास-दीड तासाच्या सभेत सदस्य केवळ पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे मान्य करतो आणि अनुभव मांडतो. त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. बोलणाऱ्याला कोणी मध्येच अडवत नाही किंवा उपदेश करीत नाही, आणि सभेच्या ओघात फिरविल्या जाणाऱ्या पेटीत ज्याला जमेल त्याने चहा-भाड्यापुरते पैसे टाकावेत, अशी रीत आहे. नवागताला मार्ग दाखविणारा जुना सदस्य ‘स्पॉन्सर’ ठरतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांचा विचार करून असे आढळले की, एएशी जोडून देणारे सुनियोजित उपचार सलग मद्यमुक्तीच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात.

महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि रुग्णांच्या पत्नींसाठीच्या ‘सहचरी’ गटाला महत्त्वाचे स्थान दिले.

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरसारख्या शहरात मात्र अडचण गट सापडण्यापुरती नसते, तर तेथे जाताना कोणी पाहील या धास्तीचीही असते. कारण तेथील शनवारा भागात दिसलेल्या माणसाची वार्ता लालबाग भागात पोहोचायला वेळ लागत नाही. सभेत कोण आले आणि काय बोलले हे बाहेर न सांगण्याचा एएचा दंडक या धास्तीवरचा उतारा असून, तरीही संकोच वाटणाऱ्याने आरंभी ऑनलाइन सभांना बसावे, किंवा बुऱ्हाणपूर भुसावळ-खंडवा लोहमार्गावर असल्याने या दोन्ही गावांत सभा भरतात का याची चौकशी करावी. मराठी, हिंदी आणि निमाडी यांपैकी ज्या भाषेत लाज मोकळेपणाने सांगता येईल, त्या भाषेतील सभेला प्राधान्य द्यावे.

शोधाची सुरुवात १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरून करता येते. मन खचले असल्यास १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात, तेथे ‘मनकक्ष’ असल्यास त्या कक्षात, उपचारांबरोबरच परिसरातील गटांचीही विचारणा करावी. जवळपास सभा नसल्यास दोन व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्या व्यक्ती एकत्र येऊनही गट सुरू करू शकतात, अशी मुभा एएच्या परंपरेतच आहे.

दोन बाबतींत सावधगिरी हवी. रोज आणि भरपूर पिणाऱ्याने सभेच्या भरवशावर दारू एकदम तोडू नये. हातांचा थरकाप, झटके आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उद्भवणारा भ्रम जिवावर बेतू शकतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. दुसरे म्हणजे, ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील चूर्ण चहा-भाजीत मिसळू नये. त्यात डायसल्फिरमसारखे औषध असू शकते, आणि ते पोटात असताना दारू घेतल्यास उलट्या, धडधड आणि रक्तदाब घसरणे असे परिणाम होतात. रुग्णाच्या संमतीशिवाय ते देणे धोक्याचे आहे.

जवळचा गट म्हणजे केवळ कमी अंतरावरचा गट नव्हे, तर पाळी, भाडे आणि घरची कामे सांभाळूनही जेथे पुढच्या आठवड्यात पुन्हा जाता येईल असा गट. एखाद्या सभेत मन रमले नाही म्हणून सर्वच सभा निरुपयोगी ठरवू नयेत. किमान तीन-चार सभांना बसून मगच निर्णय घ्यावा, आणि मध्ये दारू घेतली गेली, ज्याला सदस्य ‘स्लिप’ म्हणतात, तरीही पुढील सभा चुकवू नये. पुढील भागात मद्यपीच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅल-अनॉन गटांचा विचार करू.